ओटीतली तूर

विजयमालाच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात मोरपंखी रंगाची एक साडी होती. साडी चांगली होती, जरीच्या काठाची, घडीसुद्धा न मोडलेली. पण कपाट उघडलं आणि ती दिसली, की विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. फुकटात आलेली साडी इतकी महाग पडलेली बाई अख्ख्या आसेगावात दुसरी नसेल.

साडीची गोष्ट सांगायची तर आधी गिरणीची सांगावी लागते. विजयमाला आणि तिचा नवरा जानराव यांची फिरती दालमिल होती. जुन्या पिकअपच्या हौद्यात डाळ करायचं यंत्र बसवलेलं आणि त्याला डिझेलचं इंजिन जोडलेलं. तुरीची काढणी झाली की ही गिरणी गावोगाव, तांड्यातांड्यांवर जायची आणि लोकांच्या दारात उभी राहून त्यांच्या तुरीची डाळ करून द्यायची. जानराव गाडी आणि इंजिन सांभाळायचा. तूर मोजून घेणं, तिला तेलपाणी लावणं, डाळ कशी उतरते त्यावर डोळा ठेवणं हे विजयमालाचं काम. उन्हाळ्याच्या तीन-साडेतीन महिन्यांत वर्षाची भाकर निघायची. हंगाम गेला की गिरणी ताडपत्रीखाली, आणि ताडपत्रीखालची गिरणी कोणाचं पोट भरत नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी एका तांड्यावर काम चालू असताना इंजिनचा पट्टा तुटला. चौदा घरांची तूर व्हायची राहिली. विजयमालानं एकेका पोत्याला घरधनिणीच्या लुगड्याची चिंधी ओळखीसाठी बांधली आणि सगळी पोती गाडीत घातली. घरी नेऊन करू, परवा पोचवू, असं सांगून निघाले. वाटेत शेलूबाजारला नवा पट्टा घ्यायला थांबले. जानराव शिस्तीचा माणूस. त्यानं गाडी डांबराच्या खाली, पार मुरमावर उतरवून लावली, पट्टा आणला आणि मागं जाऊन हौद्याच्या फळक्याची दोरी आवळायला लागला. विजयमाला पुढं बसली होती. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, रस्ता सरळसोट होता. आणि मागून आलेली एक पांढरी मोठी गाडी तो सरळ रस्ता सोडून मुरमावर उतरली आणि उभ्या पिकअपमध्ये घुसली.

यंत्राचा सांगाडा वाकला, इंजिन उखडून खाली पडलं. पोती फुटली आणि चौदा घरांची तूर हायवेवर पसरली, तिच्यावरून ट्रक जाऊ लागले. जानरावनं उडी मारली, पण उजवा पाय सापडला तो सापडलाच. गुडघ्याखाली दोन जागी मोडला.

पांढऱ्या गाडीतून इंद्रभान उतरला. शेलूबाजारात बी-बियाण्याचं, खताचं मोठं दुकान आहे त्याचं. उतरला तेव्हाही त्याच्या हातातला फोन चालूच होता, आतून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. त्याच्या बाजूच्या सीटवरून त्याची बायको वैभवी उतरली. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. इंद्रभाननं विजयमालासमोर हात जोडले.

"ताई, चुकी माही हाय. शंभर टक्के माही हाय. पण केस करू नका. जानरावभाऊचा दवाखाना माह्याकडं, गिरणी नवीकोरी उभी करून देतो. माह्या लेकरायची शपथ."

विजयमालाच्या मांडीवर नवऱ्याचं डोकं होतं. अशा वेळी माणूस करारमदार करत बसत नाही. समोरचा ताई म्हणतो, लेकरांची शपथ घेतो, चुकी कबूल करतो. आणखी काय पाहिजे? चौकीचे जमादार गोविंदसिंग आले. त्यांनी मोडलेल्या पायाकडे पाहिलं, इंद्रभानकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपसात होत असन त सगळ्यात बरं." गाड्या बाजूला झाल्या, पंचनामा राहिला. दुसऱ्याच्या गाडीत घालून जानरावला अकोल्याला नेलं. मागं राहिलेल्या बाजारातल्या लोकांनी मुरमावरची तूर झाडून एका कट्ट्यात, लहानशा पोत्यात भरली आणि पट्टेवाल्याच्या दुकानात ठेवली. निम्मी तूर, निम्मी काच आणि खडे.

अकोल्याच्या दवाखान्यात इंद्रभाननं पहिल्या दिवसाचे पैसे भरले आणि जो गेला तो गेलाच. पायात सळई घालायची वेळ आली तेव्हा विजयमालाच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी गेली. घरी आणलं तेव्हा दुभती म्हैस गेली. तिनं फोन केला की इंद्रभान म्हणायचा, "ताई, हा हप्ता थांबा." पुढच्या हप्त्यात पुन्हा तेच.

आणि अशात ती साडी आली.

जानरावला घरी आणून चार दिवस झाले होते. दारात एक गाडी थांबली, वैभवी उतरली आणि मागून ड्रायव्हर पिशवी घेऊन. वैभवीनं जानरावची विचारपूस केली, चहा घेतला आणि म्हणाली, "वहिनी, पाट ठेवा. ओटी भरायची हाय तुमची."

आता ओटी भरायला आलेल्या बाईला नाही म्हणणारी सवाशीण आपल्याकडे अजून जन्मायची आहे. शत्रूच्या घरची असली तरी पदर पसरावा लागतो, तोही नवरा खाटेवर पडलेला असताना. त्याच्या जिवासाठी तर ती ओटी. विजयमाला पाटावर बसली. वैभवीनं हळदीकुंकू लावलं, साडी-खण, नारळ, गहू पदरात घातले. विजयमाला वाकून नमस्कार करत होती तेवढ्यात ड्रायव्हरनं मोबाइल पुढं धरला आणि फोटो काढला. तिला वाटलं, काढला असेल, आजकाल लोक भाजीचेही फोटो काढतात. उलट बरंच वाटलं तिला. मनात म्हणाली, साडी आली, आता पैसेही येतील.

पैसे आले नाहीत. रुपाबाई आली.

रुपाबाई त्याच तांड्यावरची, साठीतली, बोलायला फटकळ. चौदातलं एक पोतं तिचं होतं. तिनं जानरावच्या पायाकडे पाहून हळहळ केली आणि मग ओट्यावर बसकण मारली.

"विजे, तुह्यावर आली ते वाईटच हाय. पण माह्या घरी डाळीचा दाणा नाई. माही तूर मी तुह्या हाती देल्ली होती, हायवेच्या नाई."

तिचं खरं होतं. गिरणीवर आलेला दाणा गिरणीवाल्याच्या जिम्म्याचा, ही रीत जानरावच्या बापापासून चालत आलेली. विजयमालानं स्वतःच्या शेतातली तूर काढली. यंत्र नव्हतं, म्हणून माळ्यावरचं दगडी जातं खाली उतरवलं. तुरीला तेलपाणी लावायचं, उन्हात टाकायची, जात्यावर भरडायची, पाखडायची, पुन्हा भरडायची. तासाभरात क्विंटलभर डाळ पाडणारी बाई दिवसभरात जेमतेम चार पायल्या पाडू लागली. पहिल्या दोन दिवसांत हाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. दहा दिवसांत चौदातल्या सहा घरांची डाळ पोचली आणि घरची तूर संपली. बाहेर उन्हाळा तापत होता, दर दोन दिवसांनी कोणीतरी फोन करून विचारायचं, "गिरणी कधी येते?" आणि हंगाम हातातून चालला होता. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला तिला इंद्रभानचा तो चालू फोन दिसायचा आणि ती खुंटा असा आवळायची की जणू तोच हातात सापडला आहे.

शेवटी ती चौकीत गेली. जाण्याआधी मंगरूळपीरला एका वकिलाला विचारून आली होती. वकिलानं सोपं करून सांगितलं होतं. तुमच्या गाडीचा विमा फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा आहे, तुमचं भरायचं त्याच्या गाडीच्या विम्यानं. पण त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदलेला पाहिजे आणि चूक त्याची होती असं सांगणारा साक्षीदार पाहिजे. गुन्ह्याची नोंद दाखवली तर गिरणी दुरुस्त करणारा मिस्त्रीही उधारीवर काम धरायला तयार होता. म्हणजे सगळं एका कागदावर अडलं होतं.

गोविंदसिंग जमादारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल काढून तिच्यापुढं धरला.

मोबाइलमध्ये ती स्वतः होती. पाटावर बसलेली, पदर पसरलेली, वाकून नमस्कार करणारी.

"बाई, समेट झाला न तुमचा? साडीचोळी घेतली, ओटी भरून घेतली. इंद्रभानजी म्हणतात, माणुसकी म्हणून पैसेबी देल्ले."

"एक रुपया नाई देल्ला!"

"अन् ते म्हणतात, पिकअप मागं येऊन राह्यली होती. तुमच्या मालकानं न पाहता मागं घेतली."

"अन् मागं घेणारा माणूस गाडीच्या मागं दोरी बांधून राह्यला होता? काय बोलून राह्यले साहेब तुमी?"

"मी नाई बोलत, ते बोलतात. तुमच्याकडून साक्षीदार कोण हाय? पाह्यलं कोणं?"

पाहिलं नव्हतं कोणी. पट्टेवाला आत होता, धडक झाल्यावर लोक धावले. पांढऱ्या गाडीच्या समोरच्या काचेतून पाहणारे दोघंच. एक इंद्रभान, दुसरी त्याची बायको.

चौकीतून ती बाहेर आली तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिला इतका राग आला होता की स्टँडवरची जीप समोरून निघून गेली तरी तिच्या लक्षात आलं नाही. चुकी त्याची, पाय आमचा मोडला, एकदाणी आमची गेली, म्हैस आमची गेली आणि समेट पण आमच्याच पदरात बांधला! केसानं गळा कापला म्हणतात तो असा. बरं, ती ओटी नाकारली असती तर? तर हाच माणूस गावभर सांगत फिरला असता, माझी बायको पाया पडायला गेली आणि या बाईनं दारातून हाकलली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

घरी जानराव म्हणाला, "जाऊ दे वं. मोठ्या लोकायच्या नादी नाई लागावं."

"मी कुठी लागली त्याच्या नादी? मी त मुरमावर उभ्या गाडीत बसली होती!" ती इतक्या जोरात ओरडली की जानरावनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिला त्याचीही कीव आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला.

पाडव्याच्या दोन दिवस आधी रुपाबाई आली, अर्थातच राहिलेल्या डाळीसाठी. सोबत बातमी घेऊन.

"इंद्रभाननं नवी गाडी घेतली म्हणते. जुनीचे विम्याचे पैसे आले त्याले. पाडव्याले दारात पूजा हाय, पेढे वाटून राह्यला बाजारात."

विजयमाला उसनी आणलेली तूर निवडत होती. तिचा हात थांबला. ज्यानं ठोकली त्याला नवी गाडी, आणि जिची ठोकली ती जात्यावर. ती उठली, आत गेली. पट्टेवाल्याकडून आणलेला तो कट्टा कोपऱ्यात पडला होता. काच मिसळलेली तूर कोंबड्यांनाही घालता येत नाही, पण दाणा उकिरड्यावर टाकायचा जीव होत नव्हता म्हणून ठेवला होता. तिनं कट्ट्याचं तोंड सोडलं, आत पाहिलं, मग कपाट उघडलं आणि आल्यापासून पहिल्यांदा त्या मोरपंखी साडीला हात लावला.

"रुपाबाई, पाडव्याले काय करून राह्यली?"

"काय करतो? कडुनिंब खातो."

"माह्यासंगं चाल शेलूबाजारले."

पाडव्याला सकाळी नऊ वाजता दोघी जीपनं उतरल्या. इंद्रभानच्या दारात मांडव होता, गुढी उभी होती आणि मांडवात नवी गाडी, पुन्हा पांढरीच, झेंडूचे हार घालून उभी. बाजारातले व्यापारी, भाऊबंद, नटलेल्या बायका. खुर्चीवर साध्या कपड्यांत गोविंदसिंग जमादारही बसले होते, हातात पेढा. इंद्रभान गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत होता.

विजयमाला सरळ मांडवात शिरली. तिच्या अंगावरची मोरपंखी साडी पाहून वैभवीनं ओळखलं आणि हसली. मनापासून हसली, हे विजयमालाला दिसलं आणि ते तिला समजेना.

"या न वहिनी! जानरावभाऊ कसे हायत?"

"खाटेवर हायत. वहिनी, बसा. तुमी माही ओटी भरली होती, आज सणाचा दिवस हाय. मी तुमची भराले आली."

इंद्रभाननं मान वर केली. त्याचा चेहरा उतरला, पण चारचौघांत ओटी भरायला आलेल्या बाईला तो काय म्हणणार? जमलेल्या बायकांनीच पाट आणून ठेवला. वैभवी बसली, पदर पसरला. विजयमालानं हळद लावली, कुंकू लावलं, नारळ ठेवला. मग पिशवीत दोन्ही हात घालून ओंजळ भरली आणि पदरात ओतली. एक, दोन, तीन. चौथ्या ओंजळीला तिच्या बोटातून रक्त आलं. तिनं पुसलं नाही. पाचवी घातली.

वैभवी पदरात पाहत राहिली. तुरीत काच चमकत होती.

"हे काय हो वहिनी?"

"तूर हाय. चौदा घरची. तुमच्या गाडीखाली आली होती थे."

इंद्रभान पुढं आला. "वैभवी, झटक थे. फेक खाली. काच हाय त्यात."

"ओटी फेकत असतात का?" वैभवी म्हणाली. आवाज लहान होता. मग तिनं विजयमालाकडे पाहिलं. "वहिनी, पैसे त भेटले न तुमाले? हे म्हणे, तीन लाख पोचते केले. म्हणून त मी ओटी भराले आली होती."

"वहिनी, माही एकदाणी इकली. म्हैस इकली. तीन लाख सोडा, तुमच्या घरून त्या साडीशिवाय सुताचा धागा नाई आला. अन् त्या साडीचा फोटो चौकीत दाखवून माही केस बंद केली तुमच्या मालकानं. वरून सांगतात, पिकअप मागं येऊन राह्यली होती."

वैभवीनं नवऱ्याकडे पाहिलं. इंद्रभान म्हणाला, "घरात चाल, मी सांगतो तुले."

ती घरात गेली नाही. तिनं एका बाईला ताट आणायला सांगितलं. पदर सांभाळत उठली आणि नव्या गाडीच्या पुढच्या चाकासमोर, लिंबाच्या शेजारी, भरजरी साडीत जमिनीवर बसली. पदरातली तूर तिनं ताटात ओतली आणि काच निवडायला लागली. एक तुकडा उचलला, पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तिसरा लाल होता.

"हा पिकअपच्या मागच्या दिव्याचा हाय," ती म्हणाली. नवऱ्याला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पिकअप उभी होती. मुरमावर. जानरावभाऊ दोरी बांधून राह्यले होते, मले समोर दिसून राह्यले होते. मी म्हटलं, अहो, गाडी. पण यायच्या हातातला फोन चालू होता."

"वैभवी!" इंद्रभान ओरडला. "उठ तिथून. मुहूर्त चालला."

"जाऊ द्या मुहूर्त."

विजयमाला वळली. गोविंदसिंग जमादारांनी पेढा अर्धा खाल्ला होता, उरलेला कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"साहेब, पाह्यणारा साक्षीदार पायजे होता न तुमाले? हा पाहा. काढा आता फोटो. त्या दिवशीचा लय चांगला आला होता."

जमादार खुर्चीतून अर्धवट उठले, इंद्रभानकडे पाहिलं, भोवतीच्या लोकांकडे पाहिलं. कोणीच हसत नव्हतं. "चौकीत या," ते पुटपुटले. "जबाब घ्यावा लागन."

"येतो मी," वैभवी म्हणाली. "हे निवडून झालं की येतो. आजच लिहून घ्या."

रुपाबाईनं दंडाला धरून विजयमालाला मागं ओढलं. "झालं न वं विजे तुह्या मनासारखं? बिचारीले घरात काय काय ऐका लागन आता. चार गोड शब्द बोल तिच्याशी."

विजयमालाला चार गोड शब्द सापडले नाहीत. तिनं शोधले, खरंच शोधले. पण हंगाम अर्धा गेला होता, जानरावचा पाय आता पूर्वीसारखा होणार नव्हता आणि आठ घरांची डाळ अजून द्यायची होती. समोरची बाई खरं बोलली होती, पण एक महिना उशिरा बोलली होती. एक फोन करून विचारलं असतं, वहिनी, पैसे मिळाले का, तर काय जीभ झडली असती?

ती ताटाच्या पलीकडे, नव्या गाडीकडे पाठ करून, त्याच मोरपंखी साडीत जमिनीवर बसली. वैभवी भराभरा निवडत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून तिला नीट दिसत नव्हतं.

"सावकाश निवडा," विजयमाला म्हणाली. "एक काच राह्यली तरी पोटात जाते. मले काई घाई नाई. माही गिरणी बंद हाय."